पांढरा ओक, बौशरच्या मापाचा

आमच्या बौशरच्या फ्लॅटमध्ये खोके होते. पलंगाखाली, कपाटावर, हॉलच्या कोपऱ्यात, जिथे जागा मिळेल तिथे. त्या काळी ओमानात राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी कुणाच्याही घरी गेलात तरी ते दिसायचे. चारी बाजूंनी चिकटपट्टी, वरून नायलॉनची दोरी आणि मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं गावाचं नाव. चांगली वस्तू घेतली की ती इथे उघडायची नाही, गावी न्यायची, असा नियमच होता. कुणी केला होता माहीत नाही, पण मोडत कुणी नव्हतं.

आमच्या खोक्यांवर 'निर्मळ, वसई' असं लिहिलेलं होतं. आत जपानी डिनर सेट, मिक्सर, काचेचे ग्लास, स्पेनहून आलेल्या चादरी. आणि आम्ही जेवायचो ते कडा पिवळ्या पडलेल्या मेलामाइनच्या ताटल्यांत.

स्वयंपाकघराची तर कथाच नको. ओटा होता, सिंक होतं, बाकी भिंती उघड्या. डाळी-पिठांचे डबे मी टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटमध्ये ठेवायचे, क्रेटवर क्रेट रचून. खालच्या क्रेटमधलं काही हवं असलं की वरचे सगळे उतरवायचे. मी सकाळी एका दवाखान्यात रिसेप्शनला बसायचे, दुपारी घरी येऊन हे क्रेट उतरवत बसायचे. आमची जॅस्मिन तेव्हा आठवीत होती. एकदा तिची मैत्रीण अभ्यासाला आली, गेल्यावर जॅस्मिन म्हणाली, "मम्मी, ती विचारत होती, आर यू शिफ्टिंग? मी काय सांगू?"

"सांग, आम्ही इथेच राहतो म्हणून."

"बट ती म्हणाली, तसं दिसत नाही."

पोरीचं मराठी अडखळत यायचं, पण त्या दिवशी एकही शब्द चुकला नाही.

माझे यजमान पास्कल जनरेटर विकणाऱ्या कंपनीत स्टोअर सांभाळायचे. त्यांच्या इंग्रज साहेबाकडे नाताळात जेवायला गेलो होतो, सत्त्याण्णव साली. साहेबाच्या बायकोने मला स्वयंपाकघर दाखवलं. सगळी कपाटं ओकची. फिकट मधासारखा रंग, त्यावर लांब लांब रेषा, दार लोटलं की आवाज न करता बंद. मी बघतच राहिले. माझ्या मागून पास्कलही बघत होते हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

"लिंडा, असलं किचन आपल्या निर्मळच्या घरात करायचं," ते म्हणाले. "अख्ख्या वसईत कुणाकडे नसेल."

निर्मळचं घर आम्ही नव्वद साली बांधलं होतं. तेव्हापासून ते बंद होतं. दीर शेजारीच राहायचे, आठवड्याला येऊन खिडक्या उघडायचे. आम्ही दर दोन वर्षांनी मे महिन्यात महिनाभर जायचो. पास्कल दरवेळी म्हणायचे, अजून दोन वर्षं, मग कायमचे परत. त्यांचं हे 'अजून दोन वर्षं' मी जॅस्मिनच्या जन्माआधीपासून ऐकत होते.

घल्याला, म्हणजे बौशरमधल्याच कारखान्यांच्या भागात, रशीदभाईंची सुतारकामाची शेड होती. रशीदभाई रत्नागिरीकडचे. पास्कलच्या ऑफिसचं फर्निचर त्यांनीच केलं होतं, त्यातून ओळख झालेली. शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधला मिस्सा आटोपून आम्ही तसेच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आमच्यासमोर दोन फळ्या ठेवल्या.

"ह्यो लाल ओक, ह्यो पांढरा. दोन्ही अमेरिकेचे. दिसायला लाल झकास. वैनी, तुम्ही बोला."

लाल ओकला गुलाबीसर झाक होती. पास्कलना तो लगेच आवडला. मी विचारलं, "पाण्याला कुठला टिकेल?"

रशीदभाई हसले. त्यांनी लाल ओकची हातभर पट्टी घेतली, तिचं एक टोक बादलीतल्या पाण्यात बुडवलं आणि दुसरं टोक माझ्यापुढे धरलं. "फुंका."

"मी?"

"स्वयंपाक तुम्ही करता ना?"

मिस्साची चांगली साडी नेसलेली मी, बादलीवर वाकून लाकडाच्या पट्टीत फुंकर मारू लागले. शेडमधले कामगार हात थांबवून बघत होते. पास्कल दुसरीकडे बघायला लागले. मी जोर लावला आणि पाण्यातून बुडबुडे आले. लाकडातून आरपार हवा जात होती! मग पांढऱ्या ओकची पट्टी घेतली. गाल दुखेपर्यंत फुंकलं, एक बुडबुडा नाही.

"लाल ओकात नळ्या उघड्या असतात," रशीदभाई म्हणाले. "पाणी, तेल, सगळं आत ओढून घेतो. पांढऱ्याच्या नळ्या देवानंच बुजवल्यात."

"पॉलिश केलं की दोन्ही सारखेच," पास्कल म्हणाले.

"पॉलिश सिंकजवळ किती दिवस टिकतं, साहेब?"

मी दोन्हींचे तुकडे मागून घेतले, पॉलिश केलेले आणि कोरे. घरी आणून गॅसच्या मागे भिंतीला टेकवून ठेवले आणि आपला रोजचा स्वयंपाक सुरू केला. बोंबील तळले, त्याचं तेल उडू दिलं. तुकड्यांवर हळद कालवून लावली, चिंचेचा कोळ सांडला, आमचा बाटलीतला मसाला तेलात भिजवून चोळला आणि रात्रभर ठेवून सकाळी पुसला. पास्कल म्हणायचे, "लाकूड बघतेस की मुरवण घालतेस?" पण दोन आठवड्यांनी लाल ओकच्या कोऱ्या तुकड्यात हळद रेषारेषांतून आत उतरली होती, घासूनही निघेना. पांढऱ्यावर फिकट डाग होता, तोही काचकागदाने घासल्यावर गेला. मी दोन्ही तुकडे त्यांच्या ताटाशेजारी ठेवले. ते जेवता जेवता बघत राहिले.

"बरं, पांढरा," ते म्हणाले.

"पांढरा. आणि इथे लावायचा."

"इथे म्हणजे?"

"इथे. ह्या स्वयंपाकघरात."

ते हसायलाच लागले. "भाड्याच्या घरात ओक? लिंडा, लोक वेडे म्हणतील."

"म्हणू देत."

"अगं, अजून दोन वर्षं..."

"अहो, त्या दोन वर्षांतही मी दोन वेळचा स्वयंपाक करणार आहे."

त्यांनी विषय बंद केला. त्यांना वाटलं, बोलून मी मोकळी झाले.

मी मात्र दुसऱ्याच दिवशी शेजारच्या नूरबानूला सांगितलं. नूरबानू रायगडकडची, तिचा नवरा मत्रहच्या बाजारात कापड विकायचा. ती आधी पोट धरून हसली. "लिंडाबाई, आमच्याकडे सात खोके आहेत आणि माझा नवरा मला नवा तवा उघडू देत नाही. तू भिंतीला लाकूड ठोकणार? मालक तुला ठोकेल आधी."

मालकाचं नाव सालिम. दूर आतल्या भागात, इब्र्याला राहायचे, भाड्याचे चेक घ्यायला तीन महिन्यांतून एकदा बौशरला यायचे. तरुणपणी खजूर घेऊन मुंबईला जात, त्यामुळे हिंदी मुंबईची, अगदी बंदरावरची. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा मी चहा-नानकटाई पुढे केली आणि पास्कल ऑफिसात असताना सरळ विचारलं.

म्हातारा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. क्रेट बघितले, मग वळून हॉलमधले खोके बघितले. "तुम लोग तो सामान बाँध के बैठता है," ते म्हणाले. "जैसे कल जहाज छूटेगा. और अब तुमको किचन माँगता?"

"हां अर्बाब, माँगता."

"ठीक. लेकिन सुनो. दीवार में जो लगेगा, वो दीवार का. जाएगा तो छोड़ के जाएगा. मेरा दीवार तोड़ के नहीं ले जाएगा."

म्हणजे एकदा इथे लावला की ओक वसईला कधीच जाणार नव्हता. हे ऐकून मी थोडी चरकले, खोटं कशाला सांगू. तरी मी म्हटलं, "मंजूर."

संध्याकाळी पास्कलना सांगितलं. ते हसले नाहीत. शर्ट न बदलताच खुर्चीत बसले. "म्हणजे त्या म्हाताऱ्याला फुकटात ओकचं किचन. आणि आपल्या घराला काय?"

"हे आपलं घर नाही?"

"हे? हे क्वार्टर आहे, लिंडा. आपलं घर निर्मळला आहे. त्यासाठीच तर मी इथे उन्हात मरतो."

ते बरोबरच बोलत होते. ते एकटे आले होते तेव्हा सहा जणांच्या खोलीत राहिले होते, आणि त्या खोलीत त्यांनी निर्मळच्या घराचा नकाशा वहीच्या पाठकोऱ्या कागदावर काढला होता. तो माणूस मला ठाऊक होता. म्हणूनच मी भांडले नाही. पण मागेही हटले नाही.

एप्रिलमध्ये पुतणीच्या लग्नाला पास्कल एकटेच गेले, जॅस्मिनची शाळा होती. जाताना मोजपट्टी बॅगेत टाकली. "किचनचं माप घेऊन येतो," म्हणाले. मी म्हटलं, "जरूर घ्या."

पांढऱ्या ओकच्या फळ्या त्यांनी रशीदभाईंकडे सांगून ठेवल्या होत्या, इथेच कपाटं करून जहाजाने वसईला पाठवायला. ते गेल्यावर मी रशीदभाईंना फोन केला. त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की फळ्या जिथे बसणार त्या घरात आधी दोन-तीन आठवडे उभ्या ठेवायच्या. जहाजातून, गोदामातून आलेलं लाकूड तिथल्या हवेप्रमाणे थोडं फुगतं किंवा आटतं, आणि त्याचं झालं की मगच करवत लावायची. नाहीतर दारं पुढे वाकतात, अडकतात.

"फळ्या पाठवा," मी म्हटलं.

"साहेबांनी सांगितलं?"

"मी सांगते आहे."

त्यांनी पलीकडची करवत बंद करायला सांगितली. "वैनी, उद्या मला साहेबांचं ऐकायला लागंल."

"ऐका. फळ्या तर येऊ देत."

फळ्या आल्या. दोघा कामगारांनी जिन्यावरून वर आणल्या आणि हॉलच्या लांब भिंतीशी उभ्या केल्या, मधे बारीक पट्ट्या घालून, म्हणजे सगळीकडून हवा लागावी. सोफा पुढे ओढावा लागला. घरभर वास पसरला, थोडा आंबट, थोडा व्हिनेगरसारखा. जॅस्मिनने त्यांतल्या एकीला टेकून गणितं सोडवायला सुरुवात केली. मी दिवसा एसी चालू ठेवायचे, रात्री खिडकी उघडायचे, जसं आम्ही एरवी राहायचो तसंच. नूरबानू रोज संध्याकाळी डोकावायची, "पाहुणे काय म्हणतात?" विचारायची आणि फळ्यांशेजारी बसून चहा प्यायची.

पास्कल परत आले, दार उघडलं, आणि बॅग हातातच ठेवून म्हणाले, "हा हॉल आहे की वखार?"

"जेवून घ्या आधी."

जेवताना त्यांनी खिशातून कागद काढला. निर्मळच्या स्वयंपाकघराचं माप, खिडकीसकट, कोपऱ्यातल्या पाइपासकट. लग्नाच्या धावपळीतून वेळ काढून घेतलेलं. मी विचारलं, घर कसं आहे? म्हणाले, ठीक आहे. मग थोड्या वेळाने म्हणाले, "मागच्या खोलीतल्या गादीला बुरशी आली होती. जाळून टाकली. प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं आपण तिचं." आणि लगेच, "ओकला काही होणार नाही. मी भावाला सांगून आलोय, रोज खिडकी उघडेल."

"रोज?"

"सांगितलंय."

"आणि ह्या फळ्यांना इथली हवा लागली त्याचं काय?"

"दारांना थोडी फट ठेवायला सांगू. कापायचं माझ्या मापाने, लिंडा. ह्यावर बोलणं नको."

मी उठून ओट्याजवळ गेले आणि जॅस्मिनच्या कंपासपेटीतली पट्टी आणि माझ्या शिवणाची टेप घेऊन आमच्या बौशरच्या भिंतीचं माप घेतलं. पास्कल ताटावरून बघत होते. गॅसच्या सिलिंडरची जागा सोडली, सिंकखाली मोकळं ठेवलं, माझा हात पोचेल एवढ्याच उंचीवर वरची कपाटं. कागद घडी करून पर्समध्ये टाकला. आता दोघांकडे दोन कागद झाले.

शुक्रवारी फळ्या परत शेडमध्ये गेल्या आणि आम्ही मागून गेलो. रशीदभाईंनी करवतीच्या टेबलावरचा भुसा झाडला, पेन्सिल कानामागून काढली आणि आमच्याकडे बघितलं.

"माप?"

दोघांनीही कागद पुढे केले.

रशीदभाईंनी एकही घेतला नाही. "ह्या बघा, साहेब, वैनी. एकदा कापलं की मला परत जोडता येत नाही. तुम्ही ठरवा, मी चहा मागवतो." ते खरंच चहा सांगायला निघून गेले, पण दाराच्या पलीकडे कान देऊन उभे राहिलेले मला दिसत होते.

पास्कल हळू आवाजात म्हणाले, "लोकांसमोर तमाशा नको."

"तमाशा कशाला? मला फक्त विचारायचंय."

"काय?"

"आपल्या घरात मीठ कुठे असतं?"

"हे काय विचारणं झालं?"

"सांगा ना."

"ओट्याखाली, डावीकडचा क्रेट, वरून दुसरा," ते वैतागून म्हणाले. "निळ्या झाकणाची बरणी. मिरची त्याच्यामागे. साखर तू उंच ठेवतेस, मुंग्यांमुळे."

"आणि निर्मळला?"

"निर्मळला काय?"

"निर्मळच्या घरात मीठ कुठे असतं?"

त्यांनी टेबलावर राहिलेला भुसा बोटाने बाजूला सारला.

"वहिनीकडून आणतो," ते शेवटी म्हणाले.

"दरवेळी?"

"दरवेळी. वाटीत."

शेडमध्ये कुठेतरी पंखा फिरत होता. मी म्हटलं, "अहो, तुम्ही म्हणालात ना की आपलं घर निर्मळला आहे. आहे. मी तिथेच येऊन म्हातारी होणार आहे. पण माझं मीठ इथे आहे. जॅस्मिन इथे जेवते. तुम्ही सकाळी सहाला इथला चहा पिऊन जाता. तिथे लावलेल्या कपाटात मी काय ठेवू, सांगा? मला सांगा काय ठेवायचं, मी हा कागद फाडते."

त्यांनी आपल्या कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "पण हे इथेच राहील, लिंडा. सालिमचं बोलणं विसरू नकोस. जाताना एक खिळासुद्धा नेता यायचा नाही."

"नाही विसरले."

"रडशील जाताना."

"रडेन. पण तोपर्यंत क्रेट उतरवणार नाही."

ते एकदम हसले, नाकातून, मनाविरुद्ध. कागद खिशात परत ठेवला. दाराकडे बघून ओरडले, "रशीदभाई! चहा राहू दे. यल्ला, ह्यांचं माप घ्या."

"वैनींचं?" पलीकडून लगेच आवाज आला.

"मग काय तुमचं?"

रशीदभाईंनी माझा कागद वाचला आणि भुवया वर केल्या. "ही वरची कपाटं एवढी खाली? साहेबांचं डोकं आपटेल."

"साहेब स्वयंपाक करत नाहीत," मी म्हटलं.

पहिली फळी करवतीवर गेली तेव्हा पास्कलनी तिचं दुसरं टोक स्वतः धरलं. कामगार पुढे आला, त्याला म्हणाले, राहू दे.

कपाटं पावसाळ्याच्या सुमाराला लागली, म्हणजे वसईच्या पावसाळ्याच्या. बौशरमध्ये तेव्हा नुसती वाफ होती. ज्या संध्याकाळी शेवटचं दार बसलं, त्याच संध्याकाळी मी कात्री घेऊन खोके फोडले. पास्कल अडवतील असं वाटलं होतं, पण तेच एकेक प्लेट वर्तमानपत्रातून सोडवून माझ्या हातात देत होते. मिक्सरची वायर आतल्या आत कडक होऊन तडकली होती. "दुरुस्त होईल," ते म्हणाले. झाला. पुढच्या महिन्यात नूरबानूने नवा तवा उघडला. तिच्या घरात त्यावरून दोन दिवस अबोला चालला, असं तिनेच मला येऊन सांगितलं, त्याच तव्यावरची भाकरी घेऊन.

साहेबाच्या घरासारखं आमचं किचन दिसत नव्हतं. खोली लहान, भिंत थोडी वाकडी, त्यामुळे एका कोपऱ्यात रशीदभाईंना पाचर मारावी लागली. पण मी त्या कपाटांत अकरा नाताळांचा मसाला भरला. जॅस्मिनचं कॉलेज, तिचं लग्न, दोन हजार सातचं ते भयंकर वादळ, सगळं त्याच किचनने बघितलं. वादळात खालच्या मजल्यावरची तीन कुटुंबं आमच्याकडे जेवत होती आणि कुठली वस्तू कुठे आहे हे कुणालाही विचारावं लागत नव्हतं. पास्कलचं डोकं वरच्या दारावर अनेकदा आपटलं. दरवेळी ते रशीदभाईंचं नाव घ्यायचे.

दोन हजार नऊला आम्ही परत निघालो. सालिम वारले होते, त्यांच्या मुलाला आमच्यातला करार आठवतही नव्हता. पास्कल म्हणाले, "विचारून बघू? निदान दोन दारं तरी. निर्मळला आठवण म्हणून."

"शब्द दिलाय मी."

"म्हातारा गेला, लिंडा."

"मी आहे ना अजून."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आमच्या जागी राहायला येणारं जोडपं नवं होतं, रत्नागिरीचंच, जुनैद आणि सना. किल्ली द्यायच्या दिवशी सना स्वयंपाकघरात हात मागे बांधून उभी राहिली, दुकानात उभी असल्यासारखी. तिचा नवरा खालून खोके आणत होता.

"काकू, हे सगळं तुम्ही सोडून चाललात?"

"मालकाचं आहे ते. वापर तू."

"आम्ही फार दिवस नाही राहणार. हे म्हणतात, दोनच वर्षं."

पास्कल दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण खोकले.

डोळे भरून आले होते माझे, ते तिला दिसू नयेत म्हणून मी ओट्यासमोर वळले. मग सनाचा हात धरून तिला जवळ घेतलं आणि तिसरा ड्रॉवर दाखवला. "हा जुलै-ऑगस्टमध्ये फुगतो. ओढू नकोस. असा जरा वर उचल, मग ओढ. बघ, करून बघ."

तिने उचलला, ओढला. आला.

"परत," मी म्हटलं.